मेंदूला मुका मार लागल्यावर व्यायाम पुन्हा कसा सुरू करावा

सीटी स्कॅन नॉर्मल आला की ‘काही झालेलं नाही’ असं घरचेही म्हणतात आणि मुलगा तिसऱ्या दिवशी मैदानावर दिसतो. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलं असेल तर तेही दिसतं. कन्कशन, म्हणजे हिसक्याने मेंदूला बसलेला मुका मार, मात्र दिसत नाही, कारण त्यात बिघडतं ते मेंदूचं कामकाज. हिसका बसला की मेंदूच्या पेशींतलं पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत शिरतं. हे पूर्ववत करायला पेशींना जास्त ऊर्जा हवी असते आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो. त्यामुळे चार जिने चढले तरी डोकं ठणकतं.

लक्षणं उशिरानेही येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेजवळ लागल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासणी करून पुन्हा फलंदाजीला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकेदुखी आणि सुस्ती जाणवली, त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला आणि पुढच्या कसोटीलाही स्मिथ नव्हता. म्हणून मार लागला त्या दिवशी, कितीही बरं वाटलं तरी, खेळ बंद.

आधी धोक्याची लक्षणं. डोकेदुखी वाढतच जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, फिट येणं, हात किंवा पाय लुळा वाटणं, बोलणं अडखळणं, गुंगी वाढणं, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, नाक-कानातून पाण्यासारखा स्राव, मानेच्या मणक्यात तीव्र दुखणं. यातलं एक जरी दिसलं तरी थेट इस्पितळ गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

पहिले २४ ते ४८ तास आराम, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहणं नव्हे. घरात हिंडाफिरायला, आंघोळीला, अंगणात दहा मिनिटं चालायला हरकत नाही. मोबाइल आणि टीव्ही या दोन दिवसांत शक्य तितका कमी. त्यापुढेही आठवडाभर ‘पूर्ण विश्रांती’ घेणं हा जुना सल्ला आहे आणि त्याने बरं व्हायला उलट वेळ लागतो. बफेलो विद्यापीठातल्या जॉन लेडी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज बेताचा एरोबिक व्यायाम करणारी मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना साधारण १७ दिवस लागले.

बेताचा म्हणजे किती? इथे नाडी कामाला येते. २२० मधून वय वजा करा, म्हणजे नाडीची कमाल गती मिळेल. तिशीतल्या माणसाची १९०. पहिल्या टप्प्यात तिच्या ५५ टक्क्यांपर्यंत जायचं, म्हणजे मिनिटाला सुमारे १०५. पुढच्या टप्प्यात ७० टक्के, म्हणजे १३३. घड्याळात नाडी दिसत नसेल तर थांबल्या थांबल्या अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चाराने गुणा. १०५ ची मर्यादा असेल तर १५ सेकंदांत साधारण २६ ठोके. हृदयाचा आजार असेल किंवा नाडी मंदावणारी औषधं चालू असतील तर हे गणित लागू पडत नाही. मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

सुरुवात सपाट रस्त्यावर चालण्याने करा किंवा स्थिर सायकलवर. चक्कर येत असेल, डोकं हललं की गरगरत असेल, तर सायकलच बरी, कारण तिच्यावर डोकं स्थिर राहतं. पहिल्या दिवशी १० ते १५ मिनिटं, जमलं तर २०. वेळ सकाळची, ऊन चढण्याआधी. पाणी प्यालेलं असावं आणि पोट अगदी रिकामं नसावं. उपवास, ऊन आणि कमी झोप, तिन्हींमुळे डोकं दुखतं. मग दुखणं व्यायामाचं की आणखी कशाचं, हे कळत नाही.

वहीत नोंद ठेवा. लक्षणांना ० ते १० गुण द्यायचे: व्यायामाआधी, संपल्यावर आणि तासाभराने. नोंद अशी दिसते: ‘स. ७, डोकं २. चालणं १५ मि., नाडी १०४. लगेच ३. सव्वाआठला २.’ हे चालेल. नियम सोपा आहे: लक्षण दोन गुणांपर्यंत वाढलं आणि तासाच्या आत उतरलं तर व्यायाम चालू ठेवायचा. त्याहून जास्त वाढलं तर तिथेच थांबायचं, त्या दिवशी पुन्हा प्रयत्न नाही, दुसऱ्या दिवशी थोडं कमी करून बघायचं. नोंद करायच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. गोळीने दुखणं झाकलं जातं आणि मर्यादा ओलांडल्याचं कळतच नाही.

सर्वांत जास्त फसतं ते ‘चांगल्या दिवशी’. चौथ्या दिवशी सकाळी डोकं हलकं वाटतं, माणूस पाच किलोमीटर धावतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. दुसरं, व्यायाम आणि डोक्याचं काम एकाच खात्यातून खर्च होतात. परीक्षेचा अभ्यास किंवा आठ तास स्क्रीनसमोर काम झालं असेल, तर संध्याकाळचा व्यायाम अर्धा करा. विद्यार्थ्यांनी पूर्ण वेळ शाळा-कॉलेज जमल्याशिवाय पूर्ण खेळाकडे वळू नये.

आपल्याकडे बरेच जण ‘हलका व्यायाम’ म्हणून योगासनांनी सुरुवात करतात. शवासन, सावकाश श्वसन, बसून खांद्यांच्या हालचाली चालतील. शीर्षासन, सर्वांगासन, कपालभाती आणि भरभर सूर्यनमस्कार मात्र लक्षणं पूर्ण जाईपर्यंत नकोत. डोकं खाली गेलं, श्वास रोखला किंवा पोटाला झटके दिले की डोक्यातला दाब वाढतो. जड वजनं याच कारणासाठी टाळायची. वजन उचलायचंच असेल तर हलकं, बसून, उचलताना श्वास सोडत.

दोन्ही टप्पे पेलले की तिसरा: आपल्या खेळाच्या हालचाली, पण एकट्याने आणि डोक्याला मार बसणार नाही अशा. कबड्डीत रेडचं पदलालित्य, रिकाम्या मॅटवर दिशा बदलणं. क्रिकेटमध्ये विकेटमधलं धावणं, रिकाम्या यष्टींवर गोलंदाजी. इथवर किंचित लक्षण खपतं. यापुढे नाही. चौथ्या टप्प्याआधी डॉक्टरांची परवानगी हवी आणि जोरदार व्यायामानंतरही लक्षण शून्य हवं. चौथा: संघाबरोबर सराव, पण धरपकड नाही, अंगावर येणारा चेंडू नाही. पाचवा: पकडींसह पूर्ण सराव, नेटमध्ये वेगवान गोलंदाजी. सहावा: सामना. दर टप्प्याला किमान २४ तास. चौथ्यापासून पुढे लक्षण परतलं तर थेट तिसऱ्यावर या. एवढी सावधगिरी अशासाठी की पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर, क्वचित का होईना, मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला हिसका पुरता थांबवत नाही.

बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांच्या आसपास सावरतात, लहान मुलांना चार आठवडेही लागतात. चार आठवड्यांनंतरही नाडी ठरावीक आकड्याला पोचली की डोकं दुखतंच असेल, तर नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे जा. ट्रेडमिलवर चढ हळूहळू वाढवत तुमचा नेमका आकडा काढता येतो आणि त्याच्या ८० टक्क्यांपासून व्यायाम बेततात. १४० ला दुखू लागलं, तर ११२. दुखणं मानेतून वर येत असेल, मान वळवली की वाढत असेल, तर मानेची तपासणी फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. त्याच हिसक्यात मानही दुखावलेली असते आणि नुसत्या चालण्याने ती बरी होत नाही.