दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नका

गावाकडे वडीलधाऱ्यांना हमखास सांगितलं जातं, ‘दात काढायचाय ना, मग ती रक्ताची गोळी दोन दिवस सोडा.’ कृपा करून असं करू नका. ॲस्पिरिन ही अशीच एक गोळी; तिचा प्लेटलेट्सवरचा (रक्त गोठवणाऱ्या पेशींवरचा) परिणाम त्या प्लेटलेट्स जगतात तोवर, म्हणजे ७ ते १० दिवस टिकतो. दोन दिवसांच्या खाड्याने रक्तस्राव फारसा कमी होत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळी) असेल, तर गोळ्यांचा खंड जिवावर बेतू शकतो. दाताच्या जागेचं रक्त दाबून धरलेल्या गॉजने, टाक्याने थांबवता येतं. गोळी सोडल्याने रक्ताची गुठळी होऊन मेंदूत अडकली, तर तिचं तसं नाही.

वॉरफेरिन किंवा एसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी) दात काढण्याआधीच्या २४ तासांतली हवी. आकडा कायम स्थिर असेल, तर ७२ तासांतली चालते. गुहागर-दापोलीच्या आडगावातून लॅब गाठायची, तर हे आधीच ठरवावं लागतं, पावसाळ्यात तर नक्कीच.

नंतरच्या दुखण्यावर शक्यतो पॅरासिटामॉल. घरात पडलेली आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅक ही वेदनाशामकं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत घेऊ नयेत, रक्तस्राव वाढतो. मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध तर वॉरफेरिनचा जोर बराच वाढवतं, म्हणून ते लिहून देण्याआधी डॉक्टरांना वॉरफेरिन चालू असल्याची आठवण करून द्या.

बरीच औषधं मुंबईहून मुलगा पाठवतो आणि आजोबांना नावं ठाऊक नसतात. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या.