टोकायचं तर आहे, पण तोंडच उघडत नाही?

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत एका पॅकिंग युनिटला सुपरवायझर आहे मी. आमच्याकडे एक काका रोज लेट यायचे, आणि मी नवा होतो तेव्हा मशीन चालवायला त्यांनीच शिकवलेलं, आता त्यांनाच कसं झापायचं बाप्पा. आठ दिवस टाळलं. मग तर्री पोहे खायला नेलं, म्हटलं तिथे हळूच विषय काढू, अर्धा तास त्यांच्या पोरीच्या लग्नावर बोललो आणि पैसे देऊन परत. काकांना वाटलं साहेब आपल्यावर खुश आहेत.

म्हणून टपरीवर बोलायचंच नाही. केबिनमध्ये, दोघंच, आणि कूलर बंद करून. हसू नका, मे महिन्यात कूलर एवढा घरघरतो की ओरडून बोलावं लागतं आणि आख्ख्या फ्लोअरला कळतं कोणाला बोलावलंय ते. घाम दोघांनाही येतो, त्यामुळे तुमचा टेन्शनचा आहे हे दिसत पण नाही.

जायच्या आधी रजिस्टरमधून तारखा काढा. "तुम्ही नेहमीच लेट येता" म्हटलं की समोरचा त्या "नेहमी"वरच भांडत बसतो. पहिलं वाक्य पाठ करून जा, माझं होतं, "काका, या महिन्यात ६ वेळा उशीर झाला, लाईन थांबते, त्याबद्दल बोलायचंय." आणि मग गप्प. हे सगळ्यात अवघड, कारण शांतता झाली की आपणच घाबरून "म्हणजे तसं काही नाही हो, वरून प्रेशर आहे" करतो आणि केलेलं सगळं पाण्यात. माझंही दोनदा "म्हणजे म्हणजे" झालंच, तर काकाच म्हणाले, "काहून अटकून राहिला, बोल ना बे." मग कळलं, गाडी पोरगा घेऊन जातो, यांना कामठीहून दोन ऑटो बदलून यावं लागतं. शिफ्ट बदलून दिली, पण कोणत्या तारखेपासून वेळेवर येणार हेही तिथेच ठरवलं.

रागात "दंड लावतो" म्हणू नका. आधीचा १९३६चा वेतन कायदा असो की आताची २०१९ची वेतन संहिता, दंड त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जात नाही, म्हणजे १५,००० ला ४५० रुपये, आणि तोही बाजू मांडायची संधी दिल्यावरच. तासभर लेट आला म्हणून हाफ डे कापणंही बसत नाही, जेवढा वेळ गैरहजर तेवढंच कापायचं.

त्याच दिवशी ठरलेलं दोन ओळीत व्हॉट्सॲपवर टाका, आणि संध्याकाळी नेहमीसारखंच बोला, तोंड फुगवून फिरू नका. परत तेच झालं तर लेखी मेमो, एक कॉपी त्यांना, एकीवर त्यांची सही. पेन आधीच टेबलावर ठेवा, शोधत बसलात की पुन्हा पोरीच्या लग्नाचा विषय निघतो.