बंदुकीचा नंबर: वारसाने आणि खरेदीदाराने काय तपासावे

परवान्यावर शस्त्राच्या वर्णनापुढे लिहिलेला क्रमांक आणि बंदुकीच्या पोलादावर ठोकलेला क्रमांक एकच असला पाहिजे. तरीही बहुतेक घरांत ही साधी गोष्ट वर्षानुवर्षे कोणी ताडून पाहत नाही. कोकणात शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते आणि नंतर परत येते. पावतीवरचा क्रमांक परवान्यावरून उतरवला की नळीवरून, हे विचारण्याच्या भानगडीत मात्र कोणी पडत नाही. प्रश्न उभा राहतो तो परवानाधारक वारल्यावर किंवा बंदूक विकायला काढल्यावर.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार शस्त्रावरील निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह खोडणे, काढणे, बदलणे अथवा बनावट करणे हा गुन्हा आहे, आणि केंद्र सरकारने मान्य केलेल्या पद्धतीने असे चिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. खरी मेख तिसऱ्या पोटकलमात आहे: ज्याच्या ताब्यात बिननंबरी किंवा खोडलेल्या नंबराची बंदूक सापडते, त्यानेच तो नंबर घालवला असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे त्यालाच सिद्ध करावे लागते. ‘आजोबांच्या काळची आहे, तिला नंबर नव्हताच’ हे उत्तर पुरत नाही. अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी लागू झाला, तेव्हा आधीपासून अशी शस्त्रे बाळगणाऱ्यांना या गृहीतकातून एका वर्षाची सूट होती आणि ती कधीच संपली. उल्लंघनाला कलम २५ खाली तुरुंगवास आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर विनाचिन्ह शस्त्रांच्या अवैध व्यापारासाठी किमान १० वर्षे ते जन्मठेप अशी तरतूद केली.

तपासणीपूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. मग मऊ कापडाने जुने, काळे पडलेले तेल पुसावे आणि खोदलेल्या भागावर पांढरा खडू हलक्या हाताने फिरवून वरची पूड टिपून घ्यावी, म्हणजे खाचेत राहिलेल्या खडूमुळे आकडे उठून दिसतात. ३ आणि ८, १ आणि ७ यांत गफलत होते, म्हणून एकाने वाचावे आणि दुसऱ्याने परवान्याशी ताडावे. आकड्यांच्या आधीचे इंग्रजी अक्षरही क्रमांकाचाच भाग असते. विदेशी बंदुकीवर पेटंटचा क्रमांक, बोअरचा (नळीच्या आतल्या मापाचा) आकडा आणि प्रूफ चाचणीचे, म्हणजे नळीची मजबुती तपासल्याचे, शिक्केही असतात. त्यांतलाच एखादा आकडा परवान्यावर ‘नंबर’ म्हणून चढलेला असू शकतो. दुनळी असेल तर नळ्यांवरचा आणि घोड्याच्या यंत्रणेवरचा क्रमांक जुळतो का, हेही पाहावे.

क्रमांक पुसट झाला असेल तर पॉलिश पेपर लावू नये आणि लोहाराकडून नवे आकडे तर मुळीच ठोकून घेऊ नयेत. हेतू कितीही प्रामाणिक असला तरी कलम ८ ने मना केलेले काम ते हेच. नळीला नव्याने काळा मुलामा देण्यासाठीही परवानाधारक विक्रेत्याकडेच जावे आणि बंदूक त्याच्या हाती देताना पावतीवर नळीवरूनच क्रमांक उतरवून घ्यावा.

तफावत आढळल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, परवान्याची प्रत व क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र जोडून लेखी अर्ज करावा. वारसाने स्वतःचा परवाना होईपर्यंत बंदूक घरात ठेवू नये, विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. विक्री करणाऱ्याला जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते, तेव्हा क्रमांकाचा घोळ त्याआधीच निस्तरलेला बरा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्यावा आणि ती प्रत परवान्यासोबत ठेवावी. पुढे गृहीतक खोडून काढायची वेळ आली, तर आपण स्वतःहून कळवले होते हे दाखवणारा तोच कागद असतो.