वळलेला चेहरा ओळखताना: नवोदितांसाठी काही अनुभव

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी प्रयोगशाळेच्या दारावर चेहरा पाहून हजेरी नोंदवणारी यंत्रणा बसवली. एलएफडब्ल्यू (लेबल्ड फेसेस इन द वाइल्ड) या चेहऱ्यांच्या छायाचित्रांच्या प्रसिद्ध चाचणी-संचावर, म्हणजे डेटासेटवर, तिची अचूकता ९९ टक्क्यांच्या वर होती. दारातून ये-जा सुरू झाल्यावर मात्र ती रोजच्या विद्यार्थ्यांनाही ओळखेना. २००७ साली आलेल्या त्या डेटासेटमधली १३,२३३ छायाचित्रे समोरून दिसणारे चेहरे शोधणाऱ्या अल्गोरिदमने वेचलेली आहेत, त्यामुळे पूर्ण वळलेले चेहरे त्यात फारसे आलेच नाहीत. आमच्या दारात मात्र कोणी मोबाइलमध्ये पाहत मान खाली घालून येई, कोणी मागच्या मित्राशी बोलत.

मी लगेच मोठे मॉडेल घ्यायला निघालो होतो. मार्गदर्शकांनी थांबवले आणि ओळख न पटलेले दोनशे क्रॉप, म्हणजे छायाचित्रातून कापून घेतलेले चेहरे, छापून टेबलावर मांडायला सांगितले. दोन डोळे, नाकाचे टोक आणि ओठांचे दोन कोपरे अशा पाच खुणा ठरलेल्या जागी बसवून चेहरा ११२ बाय ११२ पिक्सेलच्या चौकटीत आणला जातो. मान बरीच वळली की पलीकडचा डोळा दिसतच नाही. खुणा शोधणारे मॉडेल तो अंदाजाने नाकाच्या कडेवर ठेवते, आणि मग चौकटीतला चेहरा नको तेवढा मोठा होतो किंवा कलतो. एका क्रॉपमध्ये हनुवटी कापली गेली होती आणि कानानेच बरीच जागा व्यापली होती. ओळखणाऱ्या मॉडेलपर्यंत धड चेहरा पोहोचतच नव्हता.

म्हणून नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, सरासरी अचूकतेवर विसंबू नका. मान डावी-उजवीकडे किती वळली आहे, म्हणजे यॉ किती, ते मोजून ३० अंशांपर्यंत, ३० ते ६० आणि त्यापुढे असे गट पाडा आणि प्रत्येकाची अचूकता वेगळी मांडा. २०१६ च्या सीएफपी (सेलिब्रिटीज इन फ्रंटल-प्रोफाइल) डेटासेटमध्ये ५०० व्यक्तींची प्रत्येकी १० समोरची आणि ४ बाजूची छायाचित्रे आहेत. समोरचा चेहरा बाजूच्या चेहऱ्याशी जुळवताना तेव्हाचे अल्गोरिदम १० टक्क्यांहून अधिक घसरले, माणसे मात्र थोडीच. तुमची चाचणी त्यावरही घ्या.

आम्हाला सर्वाधिक उपयोग विद्यार्थ्यांचे चेहरे यंत्रणेत आधी नोंदवून ठेवण्याची पद्धत बदलण्याचा झाला. प्रत्येकाची संमती घेऊन एकाऐवजी पाच छायाचित्रे घेतली: समोर, थोडे डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली. त्यांची सरासरी न काढता पाचही एम्बेडिंग, म्हणजे मॉडेलने प्रत्येक चेहऱ्यासाठी काढलेल्या आकड्यांच्या याद्या, वेगळी ठेवली आणि सर्वांत जवळचे जुळणारे धरले. असे केल्यावर थ्रेशोल्ड, म्हणजे किती साम्य असले की ओळख पटली मानायची ती मर्यादा, पुन्हा ठरवावाच लागतो, कारण जुळण्याच्या संधी वाढल्या की चुकीच्या व्यक्तीशी जुळण्याचा धोकाही वाढतो. ही गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. व्हिडिओत एकाच व्यक्तीच्या अनेक फ्रेम मिळत असल्याने त्यांतली सर्वांत कमी वळलेली निवडणेही स्वस्त आणि परिणामकारक ठरले.

त्रिमितीय प्रतिमानाने प्रशिक्षणाचे चेहरे फिरवून नवी छायाचित्रे तयार करणे जरूर करून पाहावे. वळलेला चेहरा गॅनच्या, म्हणजे नवी चित्रे रचणाऱ्या न्यूरल मॉडेलच्या, साहाय्याने समोरचा करण्याविषयी मात्र मी सावध आहे, कारण न दिसलेली बाजू मॉडेल स्वतः रचते आणि तो सुबक चेहरा दुसऱ्याच कोणाचा होऊ शकतो.

मान खाली घालून येणाऱ्यांचा प्रश्न बहुतांशी कॅमेरा दारावरून काढून चेहऱ्याच्या उंचीवर लावल्याने सुटला. ६० अंशांपुढचा गट शेवटपर्यंत कच्चाच राहिला, तेव्हा अशा फ्रेमवर निर्णयच न देता यंत्रणा ‘कृपया समोर पाहा’ एवढेच दाखवू लागली.