विज्ञानाच्या निधीसाठी भांडायचंय? आधी रकाने वाचा

संशोधनात नव्याने येणाऱ्यांनी मोर्चाचा फलक रंगवण्याआधी अर्थसंकल्पाचा तक्ता वाचायला शिकावं. ‘निधी कापला’ असं मोघम बोललात की समोरचा एखादा वाढलेला आकडा दाखवून तुम्हाला गप्प करतो.

२०२५-२६ चंच घ्या. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची तरतूद ८,०२९ कोटींवरून सुमारे २८,५०० कोटींवर गेली. तिपटीहून जास्त! पण त्यातले २०,००० कोटी खासगी क्षेत्रातल्या संशोधनाला बळ देणाऱ्या नव्या योजनेचे. ते वजा केले की उरतात साडेआठ हजार, आणि विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचा संबंध याच उरलेल्याशी.

तक्त्यात चार रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. मथळे मूळ अंदाजाचे होतात, कात्री बहुधा सुधारित अंदाजात चालते. पुढचा अंदाज चालू वर्षाच्या सुधारित आकड्याशी ताडला की वाढ फुगलेली दिसते. म्हणून मूळ अंदाज मूळ अंदाजाशीच ताडा. शिवाय आपली संस्था कोणाच्या खात्यात येते ते बघा. कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) अणुऊर्जा विभागाकडे, पवईची आयआयटी शिक्षण मंत्रालयाकडे. चुकीच्या मंत्रालयाला पाठवलेलं निवेदन नुसतं फिरत राहतं.

काही कपाती तक्त्यात दिसतच नाहीत. जुलै २०२२ मध्ये सरकारी संशोधन संस्थांची उपकरणांवर फक्त ५ टक्के जीएसटी भरण्याची सवलत गेली. दर १८ टक्के धरला तर १० लाखांचं उपकरण साडेदहाऐवजी ११ लाख ८० हजारांना पडतं. अनुदान मात्र तेवढंच.

फेलोशिप रखडली असेल तर माहितीचा अधिकार वापरा. केंद्राच्या पोर्टलवर शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘उशीर का झाला?’ असं विचारू नका. कारण नोंदलेलंच नसेल तर अधिकारी ते तयार करून द्यायला बांधील नाही. ‘अमुक तिमाहीचा हप्ता कोणत्या तारखेला मंजूर झाला, कोणत्या तारखेला वितरित झाला’ असं विचारा. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठाकडे अर्ज असेल तर नियम वेगळे: जास्तीत जास्त १५० शब्द, एकच विषय. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील. गाइडच्या भीतीने स्वतःचं नाव नको असेल तर अर्ज कोणीही नागरिक करू शकतो, आणि कारण सांगावं लागत नाही.

सह्या गोळा करताना कायम नोकरीतल्या शास्त्रज्ञांना गळ घालू नका. १९६४ च्या सेवा-वर्तणूक नियमांत सरकारी धोरणावर जाहीर टीकेला मनाई आहे आणि बहुतेक संस्थांनी तसेच नियम लावून घेतलेत. निवृत्त शास्त्रज्ञ जास्त मोकळेपणाने बोलतात. संस्थेचं लेटरहेड आणि ईमेल कोणीच वापरू नये; पहिली नोटीस त्यावरूनच येते.

छद्मविज्ञानाला उत्तर देतानाही हाच काटेकोरपणा हवा. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत कालिन्याला भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. अशा दाव्यांमागच्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभियंत्यांनी १९७४ मध्येच तपासून मांडलं होतं. खिल्ली उडवण्यापेक्षा तो अभ्यास पुढे करा.

निवेदन खासदारांना द्यायचं तर वेळ साधा. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत संसदेच्या स्थायी समित्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात, म्हणून एक पानी टिपण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच पोचवा.