सकाळचा तोल, संध्याकाळचा तोल : या चुका टाळा

पहाटे साडेपाचला चहा उकळेपर्यंत मी ओट्याशी एका पायावर उभी राहते. बारा मोजेपर्यंत पाय टेकतोच. संध्याकाळी हाच उद्योग केला तर चाळीसपर्यंत मजल जाते. फरशी तीच, पाय तेच. आधी वाटलं, गुडघा गेला!

माझी पहिली चूक हीच, दोन वेळांचे आकडे एकमेकांशी ताडणं. डोळे, आतला कान आणि तळपाय-सांधे यांच्याकडून येणाऱ्या खबरींवर मेंदू तोल सांभाळतो. झोपेतून उठल्यावर तोच पेंगत असतो; बहुतेकांची ही सुस्ती १५ ते ३० मिनिटांत उतरते, काहींना तासभरही लागतो. त्यात पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत कमी, म्हणून अंगही आखडलेलं. पण संध्याकाळ सगळ्यांनाच मानवते असं नाही. दिवसभर दुकानात उभं राहून पाय भरून आलेल्याला सकाळी दहाची वेळ बरी वाटेल. तेव्हा रोज ठरलेल्या एकाच वेळी मोजा, अनवाणी आणि भिंतीला हात पोचेल असं.

अलार्म वाजला की ताडकन उठू नका. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. कुशीवर वळा, पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग उठा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीनंतर घेरी येत असेल तर गोळीची वेळ डॉक्टरांना विचारा. स्वतःच बंद करू नका. कूस बदलताच खोली काही सेकंद गरगरते? मग आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागचे हलले असण्याची शक्यता बरीच. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते बहुधा जागेवर आणता येतात.

आता पर्वती टेकडी. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि आपली मंडळी सहालाच १०३ पायऱ्यांना भिडलेली! अंधारात डोळ्यांची मदत गेली, पाय अजून थंड. चढताना दम लागतो, पण पाय घसरतो तो उतरताना. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. मान वाकवून पाहा, कठडा धरा. चार पावलं सपाट रस्त्यावर चालून मग चढलात तर काही बिघडत नाही.

दुपारी एक ते चारबद्दल पुणेकराला काय सांगायचं! एवढंच, की भरपेट जेवणानंतर वयस्कांचा रक्तदाब उतरू शकतो. डुलकीतून उठल्या उठल्या माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढू नका.

आणि अचानक तोल जाऊन तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा एक हात लुळा पडला, तर ‘सकाळचं असंच होतं’ म्हणत बसू नका. थेट रुग्णालय गाठा. त्या वेळी घड्याळ पाहायचं ते हे कधी सुरू झालं, हे तिथल्या डॉक्टरांना सांगण्यासाठी.