पाचवी-सहावीला हॉकीचा पास शिकवायचाय? मग तासाच्या आधी एवढं करून ठेवा

आपल्याकडे बऱ्याच शाळांना हॉकी आठवते ती ऑगस्टमध्ये. २९ ऑगस्ट, ध्यानचंदांचा जन्मदिवस, राष्ट्रीय क्रीडा दिन, मग वीस-बावीस तारखेला मुख्याध्यापक बोलावून सांगणार, सर यंदा हॉकीचं काहीतरी घ्या, आणि बाहेर बघावं तर ग्राऊंडवर घोट्याएवढा चिखल. म्हणून मी आता जूनमध्येच तयारी करून ठेवतो, आणि तीच इथे लिहितोय. हे सगळं एका ३५ मिनिटांच्या पीटीच्या तासासाठी आहे, पट ४२, आणि शिकवायचं एकच, पुश पास, म्हणजे बॉलला स्टिक टेकवून तो ढकलायचा. हिट, म्हणजे स्टिक मागे नेऊन मारणं, नाही, स्कूप, म्हणजे बॉल हवेत उचलणं, नाही, आणि रिव्हर्स, म्हणजे स्टिक उलटी फिरवून खेळणं, तर अजिबात नाही.

पहिलं काम स्टोअररूम. रजिस्टरवर वीस स्टिक असतात, प्रत्यक्षात हातात देण्यासारख्या चौदा निघतात, त्यामुळे रजिस्टर बघून प्लॅन करू नका, कुलूप काढा आणि एकेक स्टिक हातात घ्या. खालच्या वाकड्या भागावर बोट फिरवा, फायबर उसवलं असेल तर कुसळं हातात जातात आणि दोन दिवस ठसठसतात, ती स्टिक बाजूला. लाकडाच्या स्टिकला नुसती चीर असेल तर चिकटपट्टी ताणून गुंडाळली की पुश पासपुरती चालते. ग्रिप सुटली असेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळा, दिसायला भंगार दिसते पण घामेजल्या हातातून सटकत नाही. खडकीचा धनराज पिल्ले लहानपणी तुटक्या स्टिक आणि टाकून दिलेल्या बॉलवरच शिकला आणि पुढे चार ऑलिंपिक खेळला, तेव्हा सामान जुनं आहे म्हणून तास रद्द करायला काही अर्थ नाही.

मग मापं. हे आम्ही कायम विसरतो. शाळेला कुणीतरी दान दिलेल्या स्टिक बहुतेक मोठ्यांच्या असतात, साडेछत्तीस इंची. पाचवीतल्या पोराने ती धरली की वरचं टोक पोटात टोचतं, मग तो वाकतच नाही, ताठ उभा राहून दोन्ही हात लांब करून झाडू मारल्यासारखं करतो आणि आपण ओरडत बसतो, अरे वाक, वाक. चूक त्याची नाही. स्टिक जमिनीवर उभी धरल्यावर वरचं टोक कमरेच्या हाडापर्यंत यावं, साधारण एवढं बघा. लहान स्टिक कमी असतील तर त्या आधी बुटक्या मुलांना, आणि सगळ्या मोठ्याच असतील तर डावा हात टोकापासून चार बोटं खाली धरायला लावा.

बॉल. खरा हॉकीचा बॉल दीडशे ग्रॅमच्या वर असतो आणि दगडासारखा कडक, तो पहिल्या तासाला काढूच नका. साधा टेनिस बॉल घेतला तर तो मुरमावर नुसता उड्या मारतो. मला सगळ्यात बरा पडतो तो टेनिस क्रिकेटचा हेवी बॉल, कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतो, कमी उडतो, नडगीवर बसला तरी पोरगं रडत नाही. सात लागतात, मी नऊ ठेवतो, कारण दोन गटारात जातात.

सात का, तर हे गणित. चौदा स्टिक, ४२ मुलं. सहा-सहाचे सात गट, प्रत्येक गटाला दोन स्टिक आणि एक बॉल. तिघं इकडे, तिघं समोर, पुढच्या दोघांच्या हातात स्टिक. पास दिला की स्टिक मागच्याच्या हातात द्यायची, फेकायची नाही, आणि आपल्याच रांगेच्या शेवटी पळायचं. दोनदोनच्या जोड्या लावायला गेलात तर चौदा पोरं खेळणार आणि अठ्ठावीस पोरं एकमेकांच्या टपल्या मारणार, हा अनुभव मी घेतलाय. आणि कितीही स्टिक कमी असल्या तरी समोरच्याला बॉल पायाने अडवायला सांगू नका, हॉकीत तो फाऊल, आणि ती सवय एकदा लागली की आठवीपर्यंत जात नाही.

फक्की आदल्या दिवशी संध्याकाळीच मारून ठेवा. समोरासमोर दोन लाईन, मध्ये मोठी पाच पावलं, नंतर आठ करायला तिसरी लाईन. दोन गटांच्या मध्ये तीन मीटर तरी मोकळं. आणि स्टिकवाल्याच्या मागे चार पावलांवर अजून एक लाईन, रांग तिथे थांबणार. ही मागची लाईन माझ्या यादीत कशी आली ते सांगतो. पहिल्या वर्षी मी हौसेने सरळ हिटच शिकवायला घेतलं, पोरांच्या डोक्यात क्रिकेट, एकाने कव्हर ड्राईव्हसारखी स्टिक मागे नेली आणि मागे उभ्या असलेल्याच्या भुवईवर बसली, दोन टाके. त्याच्या आईसमोर उभं राहून काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही. तेव्हापासून तासाला एकच कायदा, स्टिक गुडघ्याच्या वर गेली की दोन टर्न बाहेर. आणि शिट्टी वाजली की स्टिक जमिनीवर आडवी, आधी हेच दोनदा खोटं खोटं करून घ्यायचं. सकाळचा तास असेल तर रांगा उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर अर्ध्या वर्गाच्या डोळ्यावर ऊन.

आता स्वतःची तयारी. घरी पाच मिनिटं स्टिक हातात घ्या, कारण पोरं तुमचं बोलणं ऐकत नाहीत, तुमची नक्कल करतात. डावा हात वर, उजवा खाली, हात लांब लांब. उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याचा वरचा हात डावाच असतो, त्यामुळे हे त्यांना लगेच जमतं, फक्त बॅटसारखे हात चिकटवतात ते सोडवावे लागतात. डावखुऱ्या मुलांची नावं आधीच वहीत लिहून ठेवा. हॉकीत डावी स्टिक नसतेच, सपाट बाजू सगळ्यांची एकाच बाजूला, मागच्या गोल बाजूने खेळलं की फाऊल. त्यांना हे शांतपणे आधी सांगा, नाहीतर ते बिचारे पूर्ण तास आपलं काय चुकतंय याच विचारात.

पुश पासचं सांगायचं तर डावा खांदा मित्राकडे, बॉल डाव्या पायाच्या आसपास, स्टिक बॉलला आधीच टेकलेली, आणि मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर नेत ढकलायचं. बस, यापेक्षा जास्त बोलायचं नाही. माझी एक युक्ती आहे, ४२ पोरांकडे बघता येत नाही पण ऐकता येतं. टक्क आवाज आला म्हणजे बॉल मारला, आवाज न येता गेला म्हणजे ढकलला. पोरांना हेच सांगतो, मुका पास द्यायचा. मग रांगेतली पोरंच ओरडतात, सर याचा वाजला, सर हिचा वाजला, आणि मला शिट्टी तोंडात धरून नुसतं फिरावं लागतं.

पण त्याच्याही आधी बॉल थांबवायला शिकवा, हे मी सगळ्यात उशिरा शिकलो. देणारा कितीही चांगला दिला तरी समोरच्याच्या स्टिकवरून बॉल उडून गेला की तो आणायला जाण्यातच तास संपतो. पहिली आठ मिनिटं हाताने बॉल सरपटत सोडायचा आणि समोरच्याने नुसता अडवायचा. दांडा थोडा पुढे झुकलेला, म्हणजे बॉल स्टिकखाली अडकतो, उसळून वर येत नाही, आणि फास्ट कॅच घेताना हात जसे मागे घेतो तशी बॉल लागताना स्टिक जराशी मागे. हे जमलं की पास आपोआप सुधारतो.

पावसाचं वेगळं. ग्राऊंड गेलं की मी व्हरांडा घेतो, आणि खरं सांगू का, पास शिकवायला शहाबादी फरशी मुरमापेक्षा भारी. मुरमावर बॉल कुठेही उडतो म्हणून पोरं तो स्वतःकडेच ठेवायला शिकतात, ड्रिबल मस्त, पास शून्य. १९७६ ला मॉन्ट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो, कारणं बरीच होती पण मैदान बदललं हे त्यातलं मोठं. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना बेंच आडवे टाकायचे, इनडोअर हॉकीत असतात तशा फळ्या होतात, आणि इनडोअरला हिट नसतोच, पुशच चालतो, त्यामुळे आपला धडा नियमात बसतो. फक्त फरशी कोरडी पुसून घ्या आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंना आदल्या दिवशी विचारून ठेवा, त्यांची घटक चाचणी असली की संपलं.

बाकी किरकोळ. चप्पलवाले स्टिक घेणार नाहीत, ते बॉल आणणार आणि पास मोजणार. हातातली कडी, गळ्यातली लॉकेटं काढून एका डब्यात, डबा मॉनिटरकडे. प्रथमोपचार पेटीत कापूस आहे का ते उघडून बघा, आमच्या पेटीत एकदा फक्त खडू निघाले होते. बर्फ मध्यान्ह भोजनवाल्या ताईंना किंवा समोरच्या रसवंतीवाल्याला सांगून ठेवा.

आणि वेळ. ३५ मिनिटांतली सात रांगेत यायला जातात, शेवटची पाच सामान मोजायला ठेवा. चौदा स्टिक, नऊ बॉल, मोजल्याशिवाय रांग सोडायची नाही. आठच भरले तर व्हरांड्याच्या पन्हाळीखाली बघा, आमचा तिथे असतो.